विमान रद्द झाले तर? खान्देशातल्या प्रवाशाचे हक्क, सोप्या भाषेत

खान्देशातल्या माणसाचा विमानप्रवास बहुधा आदल्या रात्रीच सुरू होतो. रावेर-यावलकडचा माणूस भुसावळला गाडी धरतो, शिरपूरचा इंदूरच्या किंवा ओझरच्या रस्त्याला लागतो, नंदुरबार-नवापूरचा सुरतेला जातो, आणि ज्याला मुंबईहून परदेशी जायचे आहे तो कसारा घाट उतरेपर्यंत घड्याळाकडे बघत बसतो. जळगावला कुसुंब्याजवळ विमानतळ आहे. 2024 साली तिथून गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबईची विमाने सुरू झाली, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. पण जळगावच्या विमानसेवा सुरू होतात आणि बंद पडतात, हे आपण 2017 पासून पाहत आलो आहोत.

म्हणून विमान रद्द होण्याचा फटका आपल्याकडे वेगळा बसतो. अंधेरीत राहणारा माणूस रिक्षा करून घरी जातो आणि उद्या परत येतो. जळगावचा माणूस सव्वाचारशे किलोमीटर लांब अडकतो. सोबत म्हातारी आई असते, रात्री मुंबईत उतरायला ओळखीचे घर नसते, आणि घरी फोन जातो, "विमान कॅन्सल व्हयनं." अशा वेळी काउंटरवरच्या मुलाने "सर, काही करता येणार नाही" म्हटले की बहुतेक लोक मान डोलावून बाजूला होतात. तसे होऊ नका. करता येण्यासारखे पुष्कळ असते. काही वेळा मात्र खरोखरच काही नसते. दोन्ही समजून घेऊ.

देशातल्या विमानवाहतुकीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची देखरेख असते. विमान रद्द झाले, उशीर झाला किंवा तिकीट असूनही चढू दिले नाही, तर कंपनीने काय द्यायचे याचा स्वतंत्र नियम डीजीसीएने ऑगस्ट 2010 मध्ये आणला आणि पुढे त्यात वेळोवेळी बदल केले. तो मोठ्या कंपनीला लागू आहे, तसाच आपल्या जळगावहून उडणाऱ्या छोट्या एटीआर विमानालाही लागू आहे.

सुरुवात रद्द होण्यापासून करू. इथे सगळा हिशेब एका प्रश्नावर फिरतो: तुम्हाला कधी कळवले? कंपनीने दोन आठवडे आधी कळवले, तर पर्यायी विमान द्यायचे किंवा पैसे परत करायचे, एवढेच तिच्यावर बंधन आहे. दोन आठवड्यांच्या आत पण उड्डाणाच्या 24 तास आधीपर्यंत कळवले, तरी तेच. 24 तासांहून कमी वेळ उरलेला असताना कळवले, किंवा विमानतळावर पोहोचल्यावरच कळले, तर प्रवाशाला मान्य होईल असे पर्यायी विमान द्यावे लागते. ते देता येत नसेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि त्यावर भरपाई.

"मान्य होईल असे" हे शब्द महत्त्वाचे आहेत. कंपनी परवा सकाळच्या विमानात जागा देते आणि तुमचे लग्नकार्य उद्या आहे, तर ते विमान तुम्हाला मान्य नाही, हे तिथेच सांगायला हवे, आणि लेखी. घाईत "बरं, द्या परवाचे" म्हटले की भरपाईचा मुद्दा तिथेच कमजोर पडतो.

आता रकमेकडे येऊ. "विमान रद्द झाले की दहा हजार मिळतात" हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरत असते. ते अर्धे खरे आहे. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 आणि दोन तासांपुढे 10,000 असे आकडे नियमात आहेत. पण पुढचे वाक्य कोणी वाचत नाही. ही रक्कम किंवा तुमच्या एकेरी तिकिटाचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यात जे कमी असेल ते मिळते. समजा जळगावहून दीड तासाच्या उड्डाणाचे मूळ भाडे 2,400 आणि इंधन आकार 300 रुपये आहे. मग भरपाई 7,500 होत नाही, 2,700 होते. तिकिटाचा परतावा त्याखेरीज वेगळा. उडान योजनेतल्या स्वस्त तिकिटांना भरपाईही तेवढीच लहान मिळते. मला हा नियम अपुरा वाटतो, कारण प्रवाशाचे नुकसान तिकिटाच्या किमतीवर ठरत नाही. पण आज तो असा आहे, आणि काउंटरवर भांडताना खरा आकडा माहीत असलेला बरा.

यातच एक अट दडलेली आहे, ती आपल्याकडे फार लोकांना नडते. तिकीट काढताना संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल, तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. आता चोपड्यात किंवा साक्रीत तिकीट कसे निघते ते आठवा. बसस्टँडसमोरच्या एजंटाकडे आधार कार्डाचा फोटो पाठवायचा, पैसे द्यायचे, तिकिटाची पीडीएफ घ्यायची. त्या तिकिटावर मोबाइल नंबर बहुतेक वेळा एजंटाचा असतो, ईमेलही त्याचाच. विमान रद्द झाल्याचा मेसेज रात्री अकराला एजंटाच्या फोनवर येतो. तो झोपलेला असतो, तुम्ही गाडीत बसलेले असता, आणि कंपनी म्हणते, आम्ही तर वेळेत कळवले होते. तिकीट हातात आले की पहिल्यांदा नंबर पाहा. दुसऱ्याचा असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून किंवा कस्टमर केअरला फोन करून स्वतःचा नंबर घालून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे, आणि सगळ्या हक्कांची कडी याच ठिकाणी तुटते किंवा टिकते.

उशिराचे गणित वेगळे आहे. नुसत्या उशिरासाठी आपल्या देशांतर्गत नियमात रोख भरपाई नाही. सोय मात्र आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल तर खाणे-पिणे कंपनीने द्यायचे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणासाठी हीच मर्यादा तीन तास आणि त्याहून लांब उड्डाणासाठी चार तास. जळगावहून होणारी सगळी उड्डाणे पहिल्या गटातच बसतात. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर सहा तासांच्या आत दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यातली निवड प्रवाशाची असते. 24 तासांहून जास्त उशीर झाला, किंवा रात्री 8 ते पहाटे 3 या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेल आणि तिथवर ने-आण कंपनीच्या खर्चाने. रात्रीची ही तरतूद आपल्या कामाची आहे. मुंबईहून रात्री साडेनऊचे विमान पहाटे पाचवर गेले, तर आईला घेऊन खुर्चीवर रात्र काढायची गरज नाही. वेळेत चेक-इन केलेले मात्र असले पाहिजे.

तिसरा प्रकार, तिकीट आहे, वेळेत आलात, तरी विमानात जागा नाही. कंपन्या काही जागा जास्तीच्या विकतात, कारण काही लोक येत नाहीत असा त्यांचा अंदाज असतो. सगळेच आले की कोणाला तरी खाली राहावे लागते. अशा वेळी कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे कोणी आहे का, हे विचारायचे असते. कोणी तयार नसेल आणि तुम्हाला जबरदस्तीने थांबवले, तर मूळ वेळेपासून एका तासाच्या आत दुसरे विमान दिल्यास भरपाई नाही. 24 तासांच्या आत दिल्यास मूळ भाडे अधिक इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशिरा दिल्यास चौपट, कमाल 20,000. दुसरे विमान नकोच म्हटले तर पूर्ण परतावा आणि चौपट भरपाई, तीही 20,000 पर्यंत. वरच्या 2,700 रुपयांच्याच उदाहरणात दुप्पट म्हणजे 5,400 आणि चौपट म्हणजे 10,800 होतात.

पण उशिरा पोहोचणारा माणूस या प्रकारात येत नाही. कोलकात्याहून आगरतळ्याला निघालेल्या एका कुटुंबाने बोर्डिंग पास घेतले होते, तरी गेटवर वेळेत पोहोचले नाहीत आणि विमान गेले. खालच्या ग्राहक आयोगांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो फिरवला, कारण बोर्डिंग पास मिळाल्यानंतर वेळेत गेटवर जाण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे. पहिल्यांदा मुंबई विमानतळावर जाणाऱ्याला ते केवढे मोठे आहे याचा अंदाज नसतो. पास मिळाला की आधी गेट गाठा, चहा तिथे घ्या.

आता कंपनी नाही कधी म्हणू शकते? पूर, दंगल, राजकीय अस्थिरता, संप, सरकारी आदेश, खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाने अडवणे, सुरक्षेचा धोका, अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे नियमात सांगितली आहेत. त्यात भरपाई मिळत नाही, आणि उशिराच्या खाण्या-राहण्याच्या सोयींबाबतही कंपनीला नियमात सूट आहे. पण विमान रद्दच झाले तर तिकिटाचे पैसे धुक्याच्या नावाखाली बुडवता येत नाहीत. आणि सूट आहे म्हणून प्रवाशाला वाऱ्यावर सोडता येते, असेही नाही. 2007 च्या डिसेंबरात दिल्लीहून हैदराबादला जाणारे एक विमान धुक्यामुळे अडकले, प्रवासी तासन्‌तास विमानातच बसून राहिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2011 च्या निकालात न्यायालयाने धुक्याच्या उशिराची भरपाई नाकारली, पण हेही सांगितले की स्वस्त तिकिटाची कंपनी चैनीच्या सोयी कमी करू शकते, सुरक्षा आणि किमान सोय कमी करू शकत नाही.

"तांत्रिक कारण" आणि "ऑपरेशनल कारण" हे दोन शब्द काउंटरवर सर्रास ऐकू येतात. त्यावर गप्प बसू नका. विमानाची देखभाल आणि वैमानिकांच्या ड्युट्या लावणे ही कंपनीचीच कामे आहेत. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, ती वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडल्यामुळे. ते नियम येणार हे आधीपासून माहीत होते. अशा रद्द होण्याला हाताबाहेरचे कारण म्हणणे मला तरी पटत नाही. म्हणून कारण लेखी मागा. लेखी कारण देताना कंपनीही जपून शब्द वापरते.

खान्देशातून निघणाऱ्याची मोठी अडचण मात्र या नियमांच्या बाहेरच राहते: रेल्वेला उशीर झाला आणि विमान चुकले तर? विमानकंपनी यात भरपाई देणे लागत नाही. पण दुसरा दरवाजा आहे. जून 2016 मध्ये अजमेर-जम्मू एक्सप्रेस चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे जम्मूहून श्रीनगरचे विमान चुकले. टॅक्सी करून जावे लागले, श्रीनगरच्या बोटीतले आरक्षण वाया गेले. ते ग्राहक मंचाकडे गेले. रेल्वे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि सप्टेंबर 2021 मध्ये हरली. टॅक्सीचे 15,000, आरक्षणाचे 10,000, मनस्ताप आणि खर्चाचे 5,000 असा आधीचा आदेश कायम राहिला. उशीर का झाला, तो टाळता येण्यासारखा नव्हता का, हे रेल्वेने सिद्ध करायला हवे, नाहीतर भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालयाने म्हटले. गाडी नेहमीच्या वेळापत्रकाने विमानाच्या बरीच आधी पोहोचणार होती, हे दाखवता आले पाहिजे. तासाभराच्या अंतराने विमान धरणाऱ्याला ही मदत मिळेल असे समजू नका.

तसाच धोका दोन वेगवेगळ्या तिकिटांचा. जळगाव-हैदराबाद एका कंपनीचे आणि हैदराबाद-दुबई दुसऱ्या कंपनीचे, असे वेगळे काढले तर पहिले विमान रखडल्यावर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. एकाच तिकीट क्रमांकावर पुढचे विमान असेल आणि पहिल्यामुळे ते चुकले, तर मात्र जबाबदारी कंपनीवर येते. एकत्र तिकीट थोडे महाग पडते, पण परदेशी जाताना ते काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जळगाव-धुळ्याची बरीच मुले आता जर्मनीत शिकायला असतात, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारे कोणत्याही कंपनीचे विमान तिथल्या कायद्याखाली येते. 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या उड्डाणाला 600 युरोपर्यंत भरपाई आहे, तीही मोठ्या उशिरालासुद्धा. मुंबईहून तिकडे जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचे असेल तरच हा कायदा लागतो.

परताव्याबद्दल थोडे. पैसे परत घ्यायचे की कंपनीकडे पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवायचे, हे प्रवासी ठरवतो. कंपनी परस्पर "क्रेडिट" देऊन मोकळी होऊ शकत नाही. तिकीट एजंटाकडून काढले असले तरी परताव्याची जबाबदारी शेवटी कंपनीची, कारण एजंट तिचा प्रतिनिधी मानला जातो. आणि तुम्ही स्वतः तिकीट रद्द केले किंवा गेलाच नाहीत, "नॉन-रिफंडेबल" असले, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळते. हे पैसे लोक मागतच नाहीत.

सामान हरवले किंवा फुटले तर पट्ट्याजवळच्या कंपनीच्या काउंटरवर लेखी अहवाल भरल्याशिवाय विमानतळ सोडू नका. घरी येऊन बॅग उघडल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणे कठीण जाते. देशांतर्गत प्रवासात कंपनीची जबाबदारी साधारण 20,000 रुपयांपर्यंत असते, त्यामुळे दागिने चेक-इन बॅगेत कधीच नकोत. सुवर्णनगरी जळगावच्या लोकांना हे आवर्जून सांगावेसे वाटते.

तक्रार कशी करायची? पहिला कागद विमानतळावरच तयार होतो. काउंटरवर कागद मिळाला नाही तर कंपनीच्या ईमेलवर तिथूनच पाठवा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. मजकूर एवढाच पुरतो: "माझा पीएनआर अमुक. आजच्या 18:40 च्या विमानासाठी मी 16:10 वाजता काउंटरवर हजर होतो. विमान रद्द झाल्याचे मला 16:25 वाजता इथेच समजले. त्याआधी मेसेज किंवा फोन आलेला नाही. दिलेले परवाचे विमान मला मान्य नाही. रद्द होण्याचे कारण लेखी द्यावे, तिकिटाची पूर्ण रक्कम आणि नियमाप्रमाणे भरपाई माझ्या खात्यात जमा करावी." राग, टोमणे, "बघून घेईन" काही नको. फलकावरच्या "रद्द" या शब्दाचा फोटो, टॅक्सी-हॉटेलच्या पावत्या आणि कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

उत्तर आले नाही तर कंपनीचा नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला माणूस, मग त्यावरचा अपील अधिकारी. दोघांचे पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर असतात. सोबत केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर फोन करा. बरीच प्रकरणे इथेच मिटतात.

नाही मिटली तर ग्राहक आयोग. 1986 च्या कायद्यात तक्रार कंपनीचे कार्यालय असेल तिथे किंवा घटना घडली तिथे करावी लागे. दोन-तीन हजारांसाठी मुंबईच्या तारखा कोण करणार? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे बदलले. 20 जुलै 2020 पासून तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गुरुग्राममध्ये मुख्यालय असलेल्या कंपनीला जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या आयोगापुढे उत्तर द्यावे लागते. आपल्यासारख्या लांबच्या जिल्ह्यांसाठी या कायद्यातले हे सगळ्यात मोलाचे कलम आहे, आणि ते कमी वापरले जाते याची मला खंत आहे.

तिकिटासाठी दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. वकील लागतोच असे नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. आणि आयोग डीजीसीएच्या 2,700 रुपयांवर थांबत नाही. टॅक्सी, हॉटेल, वाया गेलेले बुकिंग, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च यांची मागणी करता येते, पावत्या असल्या तर.

नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस आणि जास्तीत जास्त आणखी 15 मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये पक्के केले आहे. सुनावणीच्या सुरुवातीलाच तडजोडीची शक्यता दिसली तर आयोग मध्यस्थीला पाठवू शकतो, आणि कंपन्याही पुष्कळदा तिथे रक्कम देऊ करतात. ती घ्यायची असेल तर पैसे किती, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात, हे आयोगासमोरच्या कागदावर लिहून घ्या. प्रवासाच्या व्हाउचरवर तडजोड करू नका. ज्या मार्गावर ते वापरायचे, ती सेवा वर्षभराने चालू असेलच असे जळगावच्या माणसाला कोणी सांगू शकत नाही.